ज्याचं त्याचं पान

आपल्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं हिरवं लोखंडी कपाट. किल्ली मराठीच्या बाईंकडं असायची. बाईंचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपलं नाव घेऊन कुणी गहिवरून लिहावं हे त्यांना कधीच आवडलं नाही, आणि स्मरणिका हातात पडली की त्या ती पहिल्या पानापासून लाल पेन घेऊन वाचणार, हे मला माहीत आहे.

मैदान, गॅदरिंग, गणिताच्या सरांची छडी यांवर बाकीचे लिहितीलच. मी त्या कपाटातल्या तीन पुस्तकांबद्दल लिहितो. तिन्ही सोसण्याची, काहीतरी हातचं जाण्याची. असली पुस्तकं वाचून मन हलकं होतं, असं आपल्याकडं व्यासपीठावरून सांगतात. होतं कुणाचं, कुणाचं नाही. आमच्या वर्गात एकाच पुस्तकाचं प्रत्येकाला वेगळं पान लागलं, आणि काहींना ते लागू नये असं वाटलं.

आठवीत बाईंनी ‘श्यामची आई’ घेतली. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास, एका शनिवारी एक रात्र. पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलंय आणि त्या ४२ आहेत, त्यामुळं वर्षात संपल्या नाहीत. साने गुरुजींनी हे सगळं १९३३च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान नाशिकच्या तुरुंगात लिहून काढलं, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यावर ‘मग हात किती दुखला असेल?’ एवढंच कुणीतरी मागच्या बाकावरून विचारलं. पण गुरुजी काही काळ औंधला शिकायला होते म्हटल्यावर वर्ग जागा झाला. औंध म्हणजे यमाईचं. तिथं तर आम्ही दरवर्षी जायचो! कोकणातल्या पालगडचा हा श्याम एकदम आमच्या एसटीच्या रस्त्यावर आला.

आई जाते त्या रात्रींना निम्मा वर्ग रडला. श्याम शिकायला लांब, आणि पोचतो तेव्हा आई गेलेली. मला रडू आलं नाही. शेजारी बसणारा नाक ओढत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. माझं पान आधीच येऊन गेलं होतं. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ या प्रकरणात सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि आईदेखत बोलू नये ते बोलतो. आमच्याकडं सावकार नव्हता. सोसायटीचं कर्ज होतं आणि मेंढरांच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल होती. त्या व्यापाऱ्याची लुना वळणावर वाजली की आई मला शेजारी चाळण आणायला पाठवायची. चाळण घरात असायची. शेजारची काकूही काही न विचारता चाळण द्यायची आणि ‘बस जरा’ म्हणायची. हे असं का चालतं ते मला त्या शनिवारी, वर्गात बसल्या बसल्या कळलं. घरी जाऊन आईला काही बोललो नाही. पुढच्या वेळी लुना वाजली तेव्हा तिनं सांगायच्या आत मी उठलो, एवढाच फरक.

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. बाईंनी तिला आधीच बाजूला घेऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, पण शनिवारी शेवटच्या तासाला ती माठ भरायला म्हणून बाहेर जायची आणि तास संपेपर्यंत आत यायची नाही. बाईंनी तिला कपाटातलं पक्ष्यांचं पुस्तक दिलं होतं, ते ती व्हरांड्यात बसून वाचायची. परवा फोनवर बोलताना सहज विषय निघाला. ती म्हणाली, ‘मी अजून नाही वाचलेलं ते. पोरांनी वाचलं, मी नाही.’ तिच्या आवाजात काही सल वगैरे नव्हता. पक्ष्यांची नावं मात्र तिला अजून धडाधडा येतात.

नववीत ‘बनगरवाडी’ हाती आलं. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, म्हणजे आपल्याच माणदेशातले. कादंबरी १९५५ सालची, आणि त्यातली वाडी औंध संस्थानातली. मेंढक्यांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, पोरं मेंढरामागं गेलेली असल्यानं शाळा भरत नाही, हळूहळू वाडी त्याला आपला म्हणते, सगळी मिळून तालीम बांधतात, राजा येतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. बाई साताऱ्याच्या. त्या वाचायला लागल्या की माळ, सकाळचं धुकं, मेंढरांचा आवाज यांवर थांबायच्या आणि ‘बघा, किती कमी शब्दांत!’ म्हणायच्या. आम्ही एकमेकांकडं बघायचो. माळ तर रोजच बघत होतो, त्यात काय बघायचं?

ते पुस्तक मी घरी नेलं. घरी म्हणजे वाड्यावर, मेंढरं बसवलेल्या तळावर. त्या उन्हाळ्यात आमची मेंढरं एका बागायतदाराच्या रानात बसवली होती. मी भाकरी घेऊन जायचो आणि रात्री वडिलांजवळ, म्हणजे तात्यांजवळ, तिथंच झोपायचो. तात्यांना अक्षर येत नव्हतं. कादंबरीतल्या मास्तराला न सापडणाऱ्या पोरांपैकी ते एक, असं म्हटलं तरी चालेल. वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणाबाहेर, घोंगड्यावर बसून बॅटरीच्या उजेडात मी वाचायचो आणि ते ऐकायचे. ऐकायचे म्हणजे भांडायचे. ‘ह्ये बराबर हाय.’ ‘ह्ये आसं न्हाई, आमच्याकडं येगळं करत्यात.’ दोन-तीन रात्री झाल्यावर म्हणाले, ‘ह्यो मानूस ऱ्हाऊन गेलाय आपल्यात.’ लेखकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मी नंतर कुठल्या परीक्षणात वाचलं नाही.

शेवटी वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. मी पुस्तक मिटलं. तात्या म्हणाले, ‘मग? परत आली का मानसं?’

‘पुस्तक इथंच संपतंय, तात्या.’

‘आसं कसं संपंल? जगायला गेल्याली मानसं. परत आली का न्हाई त्ये सांगाय नगं?’

बॅटरी विझवली तरी ते गप्प झाले नाहीत. पुस्तक जिथं थांबलं तिथून त्यांनी सुरू केलं. बहात्तरचा दुष्काळ. आज्ज्याचं दोनशे मेंढरांचं खांड कसं निम्म्यावर आलं, उरलेलं कसं मिळेल त्या भावात विकलं, आणि ज्या हातांनी कोकरं सोडवली त्या हातांनी खडी फोडायला बसले. कामावर मिळणारी सुकडी, रेशनच्या मिलोची लाल भाकरी, मुकादमाचं हजेरीबुक. जगायला कोल्हापूरकडं गेलेला त्यांचा सख्खा चुलता परत आलाच नाही. त्याचं नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. घरात कुणी काढत नसे. माझ्या मते चांगल्या पुस्तकाचं एक लक्षण हे असावं, की ते ऐकणाऱ्याला बोलतं करतं. तसं झालं नाही तर मग नुसतं धुकं आणि माळ.

आता तिसरं, आणि याच्याबद्दल लिहिणं जड जातं.

दहावीत बाईंनी लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ कपाटात आणलं. माने आपल्या शेजारच्या फलटण तालुक्यातले, पुस्तक १९८०चं, १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फोकाच्या पाट्या, कणग्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या पोराची ती आत्मकथा. आमच्या वर्गात एक कैकाडी मुलगा होता, हुशार, अक्षर मोत्यासारखं. बाईंनी मोठ्या उमेदीनं पुस्तक पहिल्यांदा त्यालाच दिलं. त्यांना वाटलं असणार, आपलं कुणीतरी छापलंय हे बघून पोरगा हरखेल. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं ते कव्हर घालून परत आणलं आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. घरी जाताना मला म्हणाला, ‘आमच्या घरातलं हाय त्ये. समद्या शाळंनं वाचायचं व्हय?’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नीटसं नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ला आलं तेव्हा त्यांच्याच समाजातून काहींनी ‘आपली लक्तरं चव्हाट्यावर का मांडली’ म्हणून नाराजी दाखवली होती, हे मला फार पुढं वाचनात आलं आणि तो मुलगा आठवला. आपलं दुःख पुस्तकात भेटलं की माणसाला सोबत मिळते, हे खरं आहे. पण ते पुस्तक शेजारच्या बाकावरही जातं. तिथं बसणारा ते कसं वाचेल याची हमी कोण देणार?

त्या पुस्तकासाठी पुढचा नंबर माझा होता. ‘बनगरवाडी’ वाचताना मी कुठल्या बाजूला आहे हा प्रश्न पडला नव्हता. सोसणारे ते आपण. इथं मात्र पानापानावर गाव होतं, आणि ते गाव मला ओळखीचं निघालं. आमच्या आजीकडं पाट्या विकायला बाई यायची. आजी तिच्याशी चांगली गप्पा मारायची, पोराबाळांचं विचारायची, भाकरी द्यायची, आणि पाणी वरून ओतायची. तिच्या ओंजळीत. मी ते रोज बघितलेलं, पण पुस्तकात वाचेपर्यंत दिसलं नव्हतं. हे पुस्तक मी वाड्यावर नेलं नाही. तात्यांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते याचा मी अधूनमधून विचार करतो. तेही गावोगाव पोटासाठी फिरणारेच. कदाचित त्यांनी ओळखलं असतं, कदाचित ‘आपलं येगळं’ म्हणाले असते.

दहावी झाली आणि मामानं मला गलाईत ओढलं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर कुठं कुठं बसली आहेत हे तुम्हांला सांगायला नको. निम्म्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते बघा. मी केरळात त्रिशूरला गेलो. दिवसभर भट्टी, तेजाब, सोनारांच्या दुकानांतून आलेली राख. रात्री दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही सगळी माणदेशी पोरं. तिथं मी विकत घेतलेलं ‘बनगरवाडी’ परत वाचून दाखवलं. मला वाटलं, ही पोरं दुष्काळाच्या पानांवर गलबलतील, कारण दुष्काळानंच तर इथं आणून टाकलेली. पण नाही. ‘तालमीचं वाच’ म्हणून ओरडायची. गावची यात्रा, कुस्त्यांचा फड आणि आपण इथं धूर खातोय, हा त्यांचा सल. दुष्काळ कुणाला ऐकायचा नव्हता.

तात्यांच्या ‘परत आली का मानसं’ या प्रश्नाचं आम्हीच अर्धंमुर्धं उत्तर झालो. यात्रेला येतो, बिरोबाला नारळ फोडतो, आठ दिवसांत परत फिरतो. गावात बंगले बांधलेत, त्यांना कुलपं आहेत.

माझी मुलगी त्रिशूरला जन्मली, मलयाळम शाळेत शिकली. मराठी बोलते झकास, वाचते अडखळत. कॉलेजात असताना तिनं बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ ही कादंबरी वाचली. २००८ सालची, केरळात घरोघर पोचलेली, पुढं २०२४ला तिच्यावर सिनेमाही आला. नजीब नावाचा मलयाळी माणूस पोटासाठी सौदीला जातो आणि भलत्याच माणसाच्या हाती लागून वाळवंटात शेळ्यामेंढ्या राखायला जुंपला जातो, गुलामासारखा. तिच्या मैत्रिणींच्या घरांत कुणाचा बाप, कुणाचा मामा आखातात. त्या मुली विमानतळावरची पानं वाचून रडल्या म्हणे. हिच्या घरात आखातातलं कुणी नाही. पण हिचा आजा मेंढका.

त्या उन्हाळ्यात तात्या आमच्याकडं होते. गुडघ्यांमुळं बाहेर पडता येत नव्हतं, त्रिशूरच्या पावसाला शिव्या देत गॅलरीत बसायचे. पोरीनं त्यांना ती कादंबरी सांगायला घेतली, मलयाळम वाचून लगेच मराठीत. मी जेवणाच्या टेबलावर हिशेब करत ऐकत होतो. नजीबनं अंग धुवायला पाणी घेतलं म्हणून मालक त्याला मारतो, तिथं तात्या ताडकन म्हणाले, ‘मेंढराच्या पान्याला हात लावू न्हाई ह्ये खरं. पर मानसाचं पानी तोडायचं? त्यो मालक न्हवं.’ नजीब जनावरांना आपल्या गावच्या माणसांची नावं ठेवतो म्हटल्यावर ते हसायला लागले. ‘आमी बी ठिवायचो. एकीचं नाव तुझ्या आज्जीचं हुतं. तिला सांगितलं न्हाई कदी.’

शेवटी नजीब पळतो, वाळवंटात सोबत्याला गमावतो, आणि घरी परततो. पोरगी सांगत होती आणि मी पेन खाली ठेवलं, कारण तात्या काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

‘परत आला का त्यो?’

‘आला, तात्या. आला घरी.’

‘झ्याक झालं,’ तात्या म्हणाले. मग जरा वेळानं, ‘आन् मेंढरं?’

‘कुठली?’

‘त्यानं राखल्याली. ह्यो पळून आला, मग त्यांच्या मागं कोन ऱ्हायलं? पानी कुनी दावलं?’

पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिनं पुस्तक दोनदा वाचलं होतं, मैत्रिणींशी तासन्‌तास बोलली होती, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती पानं मागंपुढं करायला लागली. तात्यांनी हातानंच थांबवलं.

‘ऱ्हाऊ दे. लिवणारा मेंढरामागं फिरल्याला नसनार.’

त्यावर पोरगी लेखकाच्या बाजूनं भांडायला उठली, आणि रात्री जेवणं होईस्तोवर दोघांचं ते चालूच होतं.