माझा अनुभव : भिंतीतला ओव्हन घरीच दुरुस्त केला

दिवाळीला बारा दिवस राहिले होते आणि आमचा ओव्हन तापेना.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इकडे बऱ्याच घरांत शेगडी वेगळी आणि ओव्हन वेगळा, लाकडी कपाटात छातीच्या उंचीवर बसवलेला असतो, त्याला वॉल ओव्हन म्हणतात. माझं निम्मं फराळाचं काम त्याच्यावर चालतं, चिवड्याचे पातळ पोहे मी ट्रेमध्ये पसरून त्यातच भाजते, नानकटाई त्यात, आणि एरवी भरिताचं वांगंसुद्धा वरच्या कॉइलखाली ठेवून भाजते, साल छान काळी होते. त्यामुळे तो बंद पडणं म्हणजे माझ्यासाठी घरातला एक हात गेल्यासारखंच होतं.

झालं असं की फराळाच्या आधी स्वच्छ करावा म्हणून शनिवारी मी सेल्फ-क्लीन लावलं. त्यात दार आपोआप लॉक होतं आणि ओव्हन साधारण ९०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४८० सेल्सिअसच्या आसपास तापतो, आतलं तेल-तूप सगळं जळून राख होते, ती नंतर ओल्या फडक्याने पुसायची. तीन तास चाललं, दार उघडलं, आतून चकाचक. रविवारी ३५० फॅरनहाइटला लावला तर घड्याळ चालू, दिवा चालू, डिस्प्लेवर प्रीहीट, आणि अर्ध्या तासाने आत हात घातला तर गार.

एका सर्व्हिसवाल्यांना फोन केला. नुसतं येऊन बघायचे १२९ डॉलर, आणि फोनवरच सांगितलं की बोर्ड, म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला असणार, साडेचारशेच्या पुढे खर्च, त्यापेक्षा नवीन घ्या. आता नवीन वॉल ओव्हन घेणं म्हणजे दुकानात जाऊन डबा उचलून आणणं नसतं. कपाटातलं भोक जुन्या मापाचं, नवीन मॉडेल अर्धा इंच इकडे तिकडे झालं की सुतारकाम निघतं. मी म्हटलं आधी आपण बघू.

आणि पहिली चूक केली. तापत नाही म्हणजे कॉइल गेली असं धरून खालचं बेक एलिमेंट ऑनलाइन मागवून टाकलं, ५८ डॉलर. मापलं नाही, काही नाही. वस्तू आली, त्या पावतीवरच लिहिलेलं की इलेक्ट्रिकल पार्ट परत घेणार नाही. हे मुद्दाम सांगते आहे कारण माझ्या ओळखीतल्या तिघांनी अगदी हेच केलंय, अंदाजाने पार्ट बदलत जायचं, आणि त्यात शेवटी सर्व्हिसवाल्यापेक्षा जास्त पैसे जातात.

कॉइल बसवायच्या आधी सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा एमएसईबीत लाइनमन होते, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली पण अजून गल्लीतले लोक त्यांनाच बोलावतात. आमची सकाळ साडेआठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा. चहाचा कप हातात घेऊनच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरची कॉइल तापते का गं?"

मी बघितलंच नव्हतं. ब्रॉइल, म्हणजे फक्त वरच्या कॉइलने भाजायची सेटिंग, लावलं, पाच मिनिटं थांबले, वरची कॉइलसुद्धा गार.

"मग खालची कशाला बदलायलीस? दोन्ही कॉइल एकाच दिवशी जळत न्हाईत बाळा. दोघींना मिळून जे लागतं ते बघ."

एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर माझे ५८ डॉलर वाचले असते. दोन्ही बंद म्हणजे सप्लाय, नाहीतर सेफ्टी कटआउट (फार तापलं की करंट तोडणारा भाग), नाहीतर बोर्ड. यादी तिथेच छोटी झाली.

मग बाबांना इकडची वायरिंग समजावून सांगताना अर्धा तास गेला, पण तो अर्धा तास फार उपयोगाचा ठरला. आपल्याकडे घरात एक फेज, एक न्यूट्रल आणि अर्थिंग, मिळून २३० व्होल्ट. इकडे दोन गरम, म्हणजे करंट असलेल्या, वायर येतात, ओव्हनच्या केबलमध्ये काळी आणि लाल, प्रत्येकीत न्यूट्रलच्या हिशोबाने १२०, आणि त्या दोघींच्या मध्ये २४०. ओव्हनचं घड्याळ आणि दिवा १२० वर चालतात, कॉइल मात्र दोन्ही वायरींमधल्या २४० वर. म्हणून एक वायर मधेच तुटली तरी डिस्प्ले मस्त चालू दिसतो आणि ओव्हन तापत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे कॉइलच्या दोन्ही टोकांना करंट? न्यूट्रल न्हाईच?" मी म्हटलं हो बाबा. ते जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "मग बटनानं बंद केलेला ओव्हन बंद आहे असं कधी समजायचं न्हाई." आणि ते अगदी खरं आहे, बऱ्याच ओव्हनमध्ये बंद करताना एकच बाजू तुटते, दुसऱ्या टोकाला लाइन तशीच असते.

तळघरातल्या पॅनेलमध्ये ओव्हनचा ब्रेकर डबल आहे, ४० अँपचा, दोन दांड्या एकत्र जोडलेल्या. आधी तो पूर्ण खाली पाडून परत वर केला, कारण असा ब्रेकर कधी कधी मधेच अडकतो आणि डोळ्यांना कळत नाही. फरक पडला नाही. मग खाली पाडला आणि वर चिकटपट्टी लावून कागद लावला, हात लावू नका, मुलांना पण सांगून ठेवलं. डिस्प्ले गेला म्हणजे करंट गेला असं नाही, हे बाबांनी तीनदा बजावलं. पद्धत अशी की मल्टिमीटर आधी चालू असलेल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून बघायचा, १२० दाखवतो ना, मग कॉइलच्या टोकांवर लावायचा, दोन टोकांत आणि प्रत्येक टोक ते ओव्हनचा पत्रा, सगळीकडे शून्य यायला पाहिजे, आणि मग परत सॉकेटमध्ये लावून मीटर अजून जिवंत आहे ना हे बघायचं. कारण मीटरची बॅटरी संपली असेल तरी शून्यच दिसतं.

कॉइल समोरूनच निघते, मागच्या भिंतीला दोन स्क्रू. ती पुढे ओढताना तिच्यामागच्या दोन वायर बाहेर येतात, त्या सुटल्या की भोकातून आत पडतात आणि मग ओव्हन बाहेर काढल्याशिवाय हाताला लागत नाहीत, म्हणून वायर बाहेर आली की लगेच कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावून टाकायचा. मीटर ओहमवर, म्हणजे वायरीतला अडथळा मोजायच्या सेटिंगवर, ठेवून मापलं, २२. कॉइलवर २,६०० वॅट लिहिलेलं होतं, २४० चा वर्ग भागिले २,६०० केलं तर २२ च येतात. टोक ते कॉइलचा बाहेरचा नळा मापलं तर काही नाही, म्हणजे शॉर्ट पण नाही. जुनी कॉइल ठणठणीत होती.

मग सेन्सर, आत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीएवढी बारीक दांडी असते ती. थंड ओव्हनमध्ये १,०८० च्या आसपास ओहम यायला हवेत. माझा १,०८३ होता. दांडी मुठीत धरली तर आकडा हळूहळू चढायला लागला, १,०९०, १,०९८, १,१०७, आणि सोडल्यावर परत उतरायला लागला. मुलगी शेजारी उभी होती, तिने पण धरून बघितला. सेन्सर चांगला.

राहिला कटआउट, आणि तो मागच्या बाजूला. म्हणजे ओव्हन बाहेर काढणं आलं.

हे काम एकट्याने करायचं नाही, अगदी कितीही ताकद असली तरी. आमच्या ओव्हनचं वजन कागदावर १३८ पाउंड आहे, साधारण ६२ किलो, आणि तो कंबरेच्या वरून काढायचा असतो. शनिवारी हे घरी होते, म्हणून शनिवार धरला. आधी जाळ्या काढल्या, मग दार. दार पूर्ण उघडून दोन्ही बिजागऱ्यांवरच्या खिट्ट्या पुढे पाडायच्या, मग दार अर्धवट मिटून वर उचलायचं. खिट्टी नीट पडली नसेल तर स्प्रिंग फटकन मिटते आणि बोट सापडतं, तिथे घाई नको. दार गेलं की निम्मं ओझं कमी वाटतं. बाजूच्या पट्ट्यांवर चार स्क्रू होते ते काढले. समोर गॅरेजमधलं भक्कम टेबल आणलं, उंची कमी पडत होती म्हणून त्यावर लाकडी फळ्या रचल्या आणि वर जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून घातली, म्हणजे ओव्हन सरकतो पण आणि पत्र्याने फळीला चरे पण पडत नाहीत. हातमोजे घालाच, त्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, ह्यांच्या मनगटाला मोज्याच्या वरच एक चीर पडलीच.

हळूहळू पुढे घेतला, मी एक बाजू, हे एक बाजू, आणि मागून येणारी लोखंडी नळीतली केबल किती पुरते ते मुलगी टॉर्चने बघत होती. पूर्ण बाहेर काढायची गरज पडली नाही, दोन तृतीयांश आल्यावर मागचा पत्रा उघडता आला. तिथे परत एकदा मीटर लावून शून्य बघितलं. मास्क लावला होता, कारण आत काचेच्या तंतूंची पिवळसर गादी असते, तिची कुसं नाकात जातात.

कटआउट म्हणजे रुपयाएवढी गोल चकती, पत्र्याला दोन स्क्रूने बसवलेली, दोन वायर. फोटो काढला, मग एक वायर पकडीने कनेक्टरला धरून ओढली, वायरला धरून नाही. एक वायर सुटी केल्याशिवाय मापायचं नाही, नाहीतर मीटर दुसऱ्या वाटेने फिरून काहीतरी भलताच आकडा दाखवतो. चकतीच्या दोन पायांवर मीटर धरला. शून्य यायला हवं होतं. आलं ओएल, म्हणजे आत तुटलेलं.

मी फोन बाबांसमोर धरला. तिकडे रात्र झाली होती, जेवून माझ्याच फोनची वाट बघत बसले होते. त्यांना स्क्रीनवरची अक्षरं वाचता येईनात, मग मी वाचून दाखवली. म्हणाले, "घावलं." आणि लगेच, "पण ती कशानं उडाली ते बघ आधी."

ह्या चकतीचं काम एवढंच की मागची बाजू प्रमाणाबाहेर तापली तर कॉइलचा करंट तोडायचा. काहींमध्ये मधोमध छोटं बटण असतं, गार झाल्यावर दाबलं की परत चालू होते. माझ्यातली एकदाच उडणारी होती. इंटरनेटवर दोन ठिकाणी वाचलं की ती काढून दोन वायर एकमेकींना जोडून टाका, लगेच ओव्हन चालू होतो. होतो, पण कृपा करून असं करू नका. हा ओव्हन चारही बाजूंनी लाकडी कपाटात आहे, आणि त्या लाकडात आणि आगीत तेवढी एकच चकती आहे.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वरच्या बाजूला एक छोटा पंखा असतो, तो मागची गरम हवा बाहेर फेकतो. त्याच्या पात्यांवर फोडणीच्या वाफेचं तेल आणि त्यावर धूळ बसून चक्क राखाडी नमदा तयार झाला होता, बोटाने फिरवला तर जड फिरत होता. रोजच्या ३५० ला तो कसाबसा पुरत असणार, पण ९०० ला कुठून पुरणार. जुना टूथब्रश, व्हॅक्युम आणि थोडं साबणाचं पिळलेलं फडकं, मोटरला पाणी न लावता, एक तास लागला. नंतर बोटाने टिचकी मारली की तीन-चार गिरक्या घ्यायला लागला.

चकती मागवताना मॉडेल नंबर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून घेतला, शिवाय चकतीवर छापलेलं तापमान जुळवून बघितलं, कारण दिसायला सगळ्या सारख्याच असतात. ३१ डॉलर, तीन दिवसांत आली. ते तीन दिवस ओव्हन टेबलावर, ब्रेकर बंद, आणि टेबलाखालून वाकून फ्रिजकडे जाणं. बसवायला दहा मिनिटं. जुना कनेक्टर थोडा तपकिरी पडला होता तो पण बदलला, जास्त उष्णता सोसणारा मिळतो तोच घ्यायचा, साधा प्लास्टिकचा नाही. परत आत सरकवताना मात्र घाम निघाला, केबल मागे चेपत नाही ना हे दर दोन इंचांनी बघत गेलो. स्क्रू, दार, जाळ्या, आणि मगच ब्रेकर वर.

३५० ला लावला. चार मिनिटांत खालच्या कॉइलला लाली चढली आणि मी ह्यांच्या हातावर जोरात चापट मारली. आत आठ डॉलरचा वेगळा थर्मामीटर लटकवला होता, चौदा मिनिटांत ३५० ला पोचला, मग ३७० पर्यंत जाऊन ३३५ ला उतरला, परत चढला. हे वरखाली होणं नॉर्मल आहे, कॉइल चालू-बंद होत राहते, अर्धा तास बघून सरासरी काढायची. माझी बरोबर निघाली, नाहीतर सेटिंगमध्ये थोडं कमीजास्त करता येतं.

आमच्याकडे वर मायक्रोवेव्ह वेगळा आहे, काहींच्यात तो ओव्हनला जोडूनच येतो. तसा असेल तर मायक्रोवेव्हचा भाग घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट काढल्यावरसुद्धा जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो, ब्रेकर बंद केला म्हणून तो जात नाही. सेल्फ-क्लीन मी आता सणाच्या आधी लावत नाही, बेकिंग सोड्याची पेस्ट रात्रभर लावून ठेवते आणि सकाळी पुसते. आणि वर्षातून एकदा पंख्यावर व्हॅक्युम.

त्या रात्रीच दोन किलो पातळ पोहे २५० वर ट्रेमध्ये टाकले, दर पाच मिनिटांनी हलवत. बाबांना परत फोन लावला तेव्हा तिकडे सकाळ झाली होती, त्यांना चार पोहे कॅमेऱ्यासमोर धरून चुरडून दाखवले. "आवाज येतोय," म्हणाले, "आता मीठ नंतर घाल, न्हाईतर सगळं तळाला बसतंय."