सांताक्रूझ बंद, नागपूरला परत

दिवंगत वैमानिकाची स्मरणनोंद लिहायची असेल तर घरच्यांकडे आधी लॉगबुकं मागावीत, फोटो नंतर. फोटोत माणूस ज्या विमानापुढे उभा असतो ते त्याने चालवलेलं असेलच असं नाही. लॉगबुकात मात्र प्रत्येक उड्डाणाची एक ओळ असते: तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं, मुख्य वैमानिक कोण, दुसरा कोण, कुठून कुठे, दिवसाचे तास, रात्रीचे तास, नुसत्या उपकरणांच्या आधाराने केलेलं उड्डाण, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. निवृत्त वैमानिकांच्या एका मंडळासाठी मी अशा नोंदी लिहितो. मे महिन्यात धरमपेठेतल्या एका घरी कॅप्टनसाहेबांची तेरवी आटोपल्यावर त्यांच्या मुलीने बोलावलं होतं. तो दिवस सांगण्यासारखा आहे, कारण त्या दिवशी लॉगबुकाच्या तीन ओळींनी घरातली सत्तर वर्षांची गोष्ट बदलून टाकली.

वह्या लोखंडी ट्रंकेत होत्या. चार असायला हव्या होत्या, निघाल्या तीन. दुसरी कुठेच नव्हती. ताईंनी त्या बैठकीत टेबलावर मांडल्या होत्या आणि समोर कूलर सुरू होता. तो आधी बंद करायला लावला. नागपुरात मार्चपासून कूलर चालतो आणि त्याची ओली हवा जुन्या कागदाचा सत्यानाश करते. फाउंटन पेनची निळी शाई पसरते, पानं एकमेकांना चिकटतात, आणि ओल धरलेल्या बांधणीत कसर लागते. वह्या कोरड्या खोलीत, खिडकीपाशी नेल्या. पुसट झालेलं पान वाचायचं तर फ्लॅश मारू नये. उजेड डावीकडून तिरपा येऊ द्यावा आणि पानाखाली पांढरा कागद सरकवावा. निबाने कागदावर पाडलेली चरी तिरप्या उजेडात दिसते, शाई उडून गेली असली तरी.

ताईंनी स्वतःच एक मजकूर लिहून ठेवला होता. त्यातलं मुख्य वाक्य असं: १५ जुलै १९५४ च्या रात्री मुंबईवर वादळ असताना कॅप्टनसाहेबांनी टपालाचं डकोटा विमान सांताक्रूझला सुखरूप उतरवलं आणि एक पिशवीसुद्धा भिजू दिली नाही. खाली वीस हजार तासांचा आकडा होता. हाच मजकूर दगडावर कोरून घ्यायचा त्यांचा विचार होता.

रात्रीच्या टपालाबद्दल आता नागपुरातही फार जणांना माहीत नसतं. जानेवारी १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून रात्री विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जमत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत जाई. नागपूर निवडण्यामागचं कारण सरळ हिशेबाचं होतं. हवाई अंतर मुंबईपर्यंत साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८०. ताशी पावणेतीनशे किलोमीटरने जाणाऱ्या डकोटाला यातला कुठलाही टप्पा अडीच ते साडेतीन तासांत जमे. कमकुवत बाजू एकच होती. चारातलं एक विमान रखडलं की त्याच्या पिशव्यांसाठी बाकीची तीन ताटकळत.

पहिल्या वहीत त्या रात्रीची ओळ शोधली तर १५ जुलैला ती नव्हतीच. १४ जुलैखाली दोन ओळी होत्या. पहिली: मुंबई ते नागपूर, २ तास २० मिनिटं, रात्र. दुसरी: नागपूर ते नागपूर, ३ तास ३५ मिनिटं, रात्र. शेऱ्यात बारीक अक्षरांत, ‘रिटर्न्ड. सांताक्रूझ बिलो मिनिमा.’ तिसरी ओळ १५ जुलैची: नागपूर ते मुंबई, ३ तास १० मिनिटं, दिवस. तिन्ही ओळींत मुख्य वैमानिकाच्या रकान्यात दुसऱ्याच कॅप्टनचं नाव होतं आणि तास पी-टूच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या रकान्यात भरले होते.

तारखेचा घोळ नेहमीचाच. वैमानिक जीएमटी, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेने लिहितात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचच्या आत निघालेलं प्रत्येक उड्डाण वहीत आदल्या दिवसावर पडतं. पण ही वही जीएमटीनेच लिहिली आहे हेही तपासून घ्यावं लागतं, कारण काही जण स्थानिक वेळ लिहीत. इथे पुरावा ओळींतच होता. नागपूरहून मध्यरात्रीनंतर निघालेल्या परतीच्या उड्डाणालाही मुंबईहून येतानाच्या उड्डाणाचीच तारीख होती. स्थानिक वेळ असती तर तारीख बदलली असती. म्हणजे घरात सांगितली जाणारी १५ तारीख चूक नव्हती आणि वहीही चूक नव्हती. नोंदीत आम्ही ‘१४ आणि १५ जुलैमधली रात्र’ असं लिहितो, वाद उरत नाही.

पण उड्डाण नागपूर ते नागपूर होतं, त्याला पर्याय नव्हता.

ताई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे काका, बाबा उतरलेच नाहीत मुंबईला?” त्या रात्री नाही, मी म्हटलं, सकाळी उतरले. त्यांनीच मग सांगितलं, “बाबांच्या तोंडून ही गोष्ट मी कधी ऐकली नाही. आत्या सांगायची.”

विमान कुठून वळलं हे त्याच तीन ओळींतून काढता येतं आणि ते काढल्याशिवाय मी उठणार नव्हतो. लॉगबुकातला वेळ चाकांचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो, म्हणून जमिनीवर चालण्याची प्रत्येक खेपेला पंधरा मिनिटं वजा करायची. येताना हवेत १२५ मिनिटं, सकाळी जाताना १७५ मिनिटं. अंतर तेच, ६८० किलोमीटर. म्हणजे येताना ताशी सुमारे ३२५ आणि जाताना २३५. फरक पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याचा, येताना पाठीशी आणि जाताना तोंडावर. पूर्ण जाणं-येणं ३०० मिनिटांचं झालं असतं. त्या रात्रीचं परतीचं उड्डाण पंधरा मिनिटं वजा करून २०० मिनिटांचं. वारा तोच धरला तर विमान दोन तृतीयांश वाट कापून वळलं: नागपूरपासून साधारण ४५० किलोमीटर, म्हणजे औरंगाबाद ओलांडून आणखी थोडं पुढे. मुंबई सव्वादोनशे किलोमीटरवर राहिली होती.

आता त्या जागी कॉकपिटमध्ये काय होतं ते बघा. डकोटात तेव्हा दोन वैमानिक आणि एक रेडिओ ऑफिसर. सांताक्रूझची दृश्यता आणि ढगांची उंची रेडिओ ऑफिसर वायरलेसवरून घेऊन चिठ्ठीवर लिहून पुढे देई. उतरण्यासाठी ठरलेल्या किमान मर्यादेखाली हवामान गेलं की तिथे उतरायचं नाही, हा नियम. दोन ट्विन वॉस्प इंजिनं मिळून तासाला साडेतीनशे लिटरच्या आसपास पेट्रोल पितात. पुढे जायचं, अर्धा तास घिरट्या घालायच्या आणि तरीही उघडलं नाही तर नागपूरला परत यायचं, हे सारं साडेपाच तासांच्या वर जातं. म्हणजे दोन हजार लिटर आणि वर राखीव. भरलेल्या पिशव्यांसोबत तेवढं पेट्रोल घेऊन निघायचं तर वजनाची मर्यादा आड येते. म्हणून हा निर्णय मुंबईवर पोचल्यावर करून चालत नाही. वाटेतच, परतीचं पेट्रोल हाताशी असताना करावा लागतो. आणि सोनेगावच्या लोकांना त्या वर्षी हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जेमतेम सात महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९५३ मध्ये, रात्रीच्या टपालाचं एक डकोटा इथून उड्डाण करताच कोसळलं होतं.

माझं मत मी ताईंना स्पष्ट सांगितलं. वादळात उतरवल्याची गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण मर्यादेखाली उतरणं हे वैमानिकाचं कर्तृत्व नव्हे. वेळेवर वळणं हे आहे, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यांना शेऱ्यातले ते चार शब्द वाचून बरोबर कळेल. बावीस वर्षांच्या सहवैमानिकाने ती रात्र उजव्या खुर्चीत बसून पाहिली. तिसऱ्या वहीत, ते स्वतः कॅप्टन झाल्यानंतर, ‘रिटर्न्ड’ आणि ‘डायव्हर्टेड’ असे शेरे ठिकठिकाणी सापडले. एकाही ठिकाणी लांबलचक स्पष्टीकरण नाही.

हरवलेल्या दुसऱ्या वहीचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. घरच्यांना वाटतं ती वर्षं गेलीच. तसं नसतं. पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर एकूण बेरीज होती ३,११८ तास ४० मिनिटं. त्यात फ्लाइंग क्लबचे २१२:२० आणि डकोटाचे २,९०६:२०. तिसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मागून आणलेले तास प्रकारानुसार मांडलेले होते: क्लबची विमानं २१२:२०, डकोटा ४,२६०:१०, व्हायकाउंट ३,४२९:४५, मिळून ७,९०२:१५. वजाबाकी केली की हरवलेली वही समोर येते: डकोटावर आणखी १,३५३:५०, बाकी सगळं व्हायकाउंट. फोकर फ्रेंडशिप एक मिनिटही नाही, हेही त्यातूनच कळलं. इंडियन एअरलाइन्समध्ये व्हायकाउंट १९५७ मध्ये आली, फोकर १९६१ मध्ये, कॅरॅव्हेल १९६४ मध्ये. नेमक्या तारखांसाठी जुनं लायसन्स उघडलं. प्रत्येक प्रकारासाठी त्यात वेगळी नोंद आणि शिक्का असतो. व्हायकाउंटचा शिक्का १९५८ चा, कॅरॅव्हेलचा १९६६ चा. कधीही बिनवापराचं म्हणून लायसन्स फेकू नये. लॉगबुक हरवलं तर तेच सांगाडा पुरवतं.

पहिल्या वहीत आणखी एक गोष्ट होती. रात्रीचे तास १,७४० च्या वर, म्हणजे दिवसाच्या तासांपेक्षा जास्त. टपालाच्या विमानावरच्या माणसाची वही अशी दिसते.

वीस हजारांचा आकडा मात्र टिकला नाही. चौथ्या वहीत शेवटची बेरीज १९,४०६:५० होती. त्यात एअरबस ए-३०० च्या सिम्युलेटरचे तास मिळवून आणि वर गोल करून कुणीतरी वीस हजार केले होते. सिम्युलेटरचे तास वेगळे लिहितात, उड्डाणाच्या बेरजेत धरत नाहीत. शिवाय तिसऱ्या वहीत ११,९८६ मध्ये ४१ मिळवताना १२,१२७ लिहिलं गेलं होतं. हवे होते १२,०२७. तेव्हापासून शंभर तास प्रत्येक पानावर पुढे सरकत गेले. अशा चुका दोन जागी शोधायच्या: पानाच्या तळाशी हातचा घेताना, आणि साठ मिनिटांचा तास न धरता दशांशासारखी बेरीज करताना. ४५ आणि ३० मिळून ७५ शतांश नव्हे, सव्वा तास. आम्ही ‘१९,३०० तासांहून अधिक’ असं लिहिलं. आकडा लहान झाल्याने माणूस लहान होत नाही, आणि मंडळातली जुनी माणसं बेरीज तपासतात.

मुख्य वैमानिकाच्या वहीतला ‘दुसरा वैमानिक’ हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पानांवर त्यात जी नावं असतात त्यांतले बरेच जण आज हयात आहेत. वारंवार येणारी नावं काढली आणि मंडळाच्या यादीतून फोन लावले. पुण्यातल्या एका निवृत्त कॅप्टनने सांगितलेलं जसंच्या तसं नोंदीत गेलं: “लोडशीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) हातात आली की साहेब स्वतः पुन्हा बेरीज करत. आकडा जुळला तरी मला करायला लावत.” अशा एका वाक्याने माणूस उभा राहतो. ‘आकाशाचा राजा’, ‘गगनभरारी’ असले शब्द वापरले की कुणीही कुणाच्याही नोंदीत बसतो.

दुपारी ताईंच्या ओळखीचे एक निवृत्त टपाल कर्मचारी आले. १९७० च्या सुमारास रात्रपाळीला ते सोनेगावला असत. त्यांना वैमानिकांची नावं आठवत नव्हती, पिशव्या मात्र पक्क्या आठवत होत्या. “चारही विमानं आली का मंग निस्ती धावपळ जी. कलकत्त्याची पिशवी मद्रासच्या विमानात गेली तं सापडाले दोन दिवस लागे.” कॅप्टन लोक उतरून चहा घेत आणि हवामानाचा कागद घेऊन परत चढत, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. तेही मी लिहून घेतलं, कारण त्या धावपट्टीवर जमिनीवरून काय दिसे हे कुठल्याही लॉगबुकात नसतं.

संध्याकाळी नोंद पुरी झाली. जन्माचं साल, क्लब, विमान कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर काही महिन्यांतच इंडियन एअरलाइन्समध्ये सहवैमानिक, डकोटा, व्हायकाउंट, कॅरॅव्हेल, बोइंग ७३७, ए-३००, १९९० मध्ये अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्ती, मग नागपूर. आजारपण, पत्ता, लायसन्सचा क्रमांक यांतलं काही घालत नाही. जुलै १९५४ च्या रात्रीला तीन वाक्यं दिली आणि त्यांत निर्णय मुख्य वैमानिकाचा होता हे लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि दगडासाठीचा जुना मजकूर स्वतःच्या हाताने खोडला. वह्यांची पानं क्रमाने टिपून घेतली. वह्या आम्लरहित कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या, ट्रंकेत नाही.

निघताना ताईंनी विचारलं, “आणि ते दुसरे कॅप्टन? त्यांच्यावर कुणी लिहिलंय?” मंडळाच्या जुन्या नोंदी पाहिल्या, त्यांचं नाव कुठेच नाही. कॅप्टनसाहेबांच्या पहिल्या वहीत मात्र ते १९५४ ते १९५६ मध्ये वरचेवर येतं. त्या ओळी वेगळ्या उतरवून काढल्या आहेत, आणि त्यांच्या घरच्यांचा शोध कलकत्त्याच्या बाजूने सुरू केला आहे, कारण त्यांची बरीच उड्डाणं तिथूनच निघालेली दिसतात.