बांबू बॅक नंबर ४: धामणीला उगाच दोष देत होतो

नंबर ४ म्हणजे पाठीला (नेमाकडच्या बाजूला) बांबूची कामटी आणि पोटाला लाकूड चिकटवलेलं धनुष्य. मागच्या वेळी लिहिलं होतं की सागाची बेली (पोटाकडची, दाब सोसणारी बाजू) बाद, ३ इंच सेट (दोरी काढल्यावरही राहिलेला बाक), आता धामण घेणार. तर धामणीचं टिलर (दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून थोडं थोडं तासत ओढ वाढवणं) २४ इंचांपर्यंत आलं आणि वरच्या लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर), हँडलपासून वीतभर अंतरावर, क्रिसल (दाबाने तंतू चेपून पडलेल्या रेघा) दिसले. बॅटरी आडवी धरली तेव्हाच दिसले, केसाएवढ्या आडव्या रेघा, सात-आठ, नखाने चाचपडलं तर जेमतेम लागतात. दोन दिवस धनुष्याला हातच लावला नाही.

मनात हेच की धामण दाबाला टिकत नाही. पण कावडीच्या दांड्या ज्या लाकडाच्या करायचे, ज्याचं संस्कृत नावच धन्वन, ते असं कसं चिरडेल? मग खालचा लिंब बघितला, तर एकदम स्वच्छ. फळी एकच, रेषा सरळ, रुंदी सारखी. कॅलिपर लावला आणि उलगडा झाला: खाली कामटी मध्यभागी ३ मिमी, वर चक्क ५! ग्लू-अपच्या (कामटी चिकटवायच्या) आधी आतून रंधताना वरच्या पेरांना मी घाईत सोडून दिलं होतं. बांबू ताणाला इतका दांडगा की तो ताणलाच जात नाही, सगळा भार बेलीवर येतो आणि ती चेपते.

आणि जाड ठेवून फायदाही नाही, कारण बांबूचे दाट तंतू सालीलगत असतात, आतून कितीही रंधलं तरी खरी ताकद जाग्यावरच राहते. म्हणून साल अजिबात खरवडू नका, गाठीसुद्धा बाहेरून जेमतेम साफ करा.

दुसरी गोष्ट, वखारवाल्याने 'कडक वाळलेली' म्हणून दिलेली फळी ओली होती. उरलेला तुकडा रोज किचनच्या काट्यावर ठेवतोय, अजून वजन उतरतंय. तुम्हीही कुणाच्या शब्दावर न जाता हेच करा, वजन थांबेपर्यंत ग्लू लावू नका. ग्लू-अपला मात्र सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याच, क्लॅम्पपेक्षा दाब सगळीकडे सारखा बसतो, दीड इंच रिफ्लेक्स (पाठीकडचा उलटा बाक) सुंदर धरला.

बांबूत माणगा नको असं माझं मत पक्कं झालंय, भरीव असला तरी बारीक, त्यामुळे पाठीला गोलाई फार येते. जाडजूड कळकच घ्या, तीन वर्षांच्या पुढचा, हिवाळ्यात तोडलेला.

पुढचं धनुष्य तिवसाच्या लाकडाचं करणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय की आधी धामणीला नीट संधी द्यायला हवी. उरलेली फळी बल्बच्या पेटीत वाळवतो आणि कामटी दोन्ही लिंबांना ३ मिमी, कडेला कागदासारखी. नंबर ४ पण टाकणार नाही. चेपलेले तंतू परत भरून येत नाहीत, हे खरं, पण वरच्या लिंबची पाठ कडेने निमुळती केली, म्हणजे ट्रॅप केली, तर बेलीवरचा भार हलका होईल. ४० पौंड ओढीचा हट्ट सोडून ३० वर आणतो, भाचीला शिकायला तेवढं पुरे. उद्या सकाळी कानस घेऊन बसतोय.