आमची वाटचाल : गुबगुब्याचं बटण

वहिनी चित्रं काढायच्या आणि मी एका छापखान्यात प्रीप्रेसला होतो. म्हणजे दुसऱ्यांची पुस्तकं छपाईच्या प्लेटवर चढेपर्यंत निस्तरणं हे माझं काम. दोघांनी मिळून मुलांची चित्रपुस्तकं काढायची ठरवली, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. विषय वहिनींनी निवडला : मैत्री, वाटून घेणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं. मला काळजी कागदाची. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण १६ पानांचे दोन फॉर्म, म्हणजे छापून घडी घालायचे दोन मोठे कागद, बरोबर बसतात आणि कागद वाया जात नाही. नावाचं पान, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. तेवढ्यात भांडणही व्हायला हवं आणि दिलजमाईही.

पहिलं पुस्तक २००० प्रतींचं. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च दोनशे प्रतींनाही तोच आणि दोन हजारांनाही तोच, म्हणून हा आकडा. गोष्ट एका दांडगट मुलाची. कुणाला खेळू देत नाही, शेवटी सुधारतो. वहिनींनी तो गुटगुटीत काढला, केस विस्कटलेले, शर्टाचं बटण तुटलेलं. नाव ठेवलं गुबगुब्या. प्रूफ बघून छापखान्यातली माणसंही हसली होती. आम्हाला ते कौतुक वाटलं.

चार महिन्यांनी एका आईचा मेल आला. वर्गात आमचं पुस्तक वाचून दाखवलं, त्या दिवसापासून तिच्या मुलाला सगळे गुबगुब्या म्हणतात. ‘माझा मुलगा कुणाचं काही हिसकावत नाही,’ एवढं एक वाक्य तिने वेगळ्या ओळीत लिहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत तो मेल मी वहिनींना दाखवला नाही. दाखवल्यावर त्यांनी पुस्तक काढलं, मजकुरावर तळहात ठेवला आणि एकेक पान उलटत गेल्या. “भाऊजी, असं झाकून बघा.” मी बघितलं. चित्रं सांगत होती की जाडा, विस्कटलेला मुलगा वाईट. २८व्या पानावर तो सुधारतो, तिथे केस विंचरलेले, बटण शिवलेलं. आणि तो चक्क बारीक झालेला! काढताना वहिनींच्या लक्षात आलं नव्हतं आणि मी तर ते पान मोठं करून शंभरदा तपासलेलं. मोठं माणूस अक्षरं वाचत असतं, मांडीवरचं चार वर्षांचं पोर तेवढ्या वेळात चित्र वाचून मोकळं होतं.

उरलेल्या अकराशे प्रती रद्दीत घातल्या. त्या आईला माफी मागणारं उत्तर पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही, यायलाच हवं असंही नाही.

या धसक्याने पुढची दोन पुस्तकं आम्ही सशा-कासवांवर काढली. कुणाला लागायला नको! मग टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७चा एक अभ्यास वाचनात आला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली होती. पात्रं माणसं असली तेव्हा मुलांनी नंतर इतरांसाठी जास्त स्टिकर दिले. त्याच गोष्टीत कपडे घातलेले प्राणी आले, तेव्हा तसं झालं नाही. एका अभ्यासावरून सशाला हाकलायचं नसतं आणि खरं सांगायचं तर खपतात जास्त तेच. पण आम्ही माणसांकडे परतलो.

चुका थांबल्या असं नाही. एका पुस्तकात दोन मैत्रिणी जोडपानाच्या मधोमध हात मिळवतात. बाइंडिंग झालं आणि दोघींचे हात नेमके गटरमध्ये, म्हणजे दोन पानांमधल्या शिवणीच्या खाचेत, गडप. दोघी पुस्तकाच्या कण्यात हात घालून काहीतरी शोधताहेत, असं दिसत होतं. इतकी वर्षं प्रीप्रेस केलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं! तेव्हापासून पांढऱ्या कागदाची डमी शिवून घेतो आणि ती पूर्ण उघडून बघितल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. शहाणपणाची एकच गोष्ट पहिल्यापासून केली होती : रंगीत छपाईच्या चार प्लेटांपैकी मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर. त्यामुळे दुसऱ्या भाषेसाठी काळी प्लेट तेवढी बदलावी लागते, रंगाच्या तिन्ही तशाच चालतात. आज आमची पुस्तकं तीन भाषांत निघतात, ती त्या जोरावर.

गुबगुब्याची गोष्ट वहिनींनी मागच्या वर्षी पुन्हा काढली. नाव बदललं. ९०० शब्दांचे २४० झाले, ‘सुधारला’ हा शब्द गेला. आता तो झोका अडवून बसतो, कारण उतरला की परत कुणी बसू देणार नाही अशी त्याला खात्री आहे. हे उजव्या पानावर. पान उलटलं की दुसरी मुलगी झोका धरून त्याला म्हणते, “तू पाणी पिऊन ये, मी जागा धरते.”

शेवटच्या पानाचं प्रूफ बघताना मशीनवरच्या माणसाने विचारलं, “इथे शर्टाला बटण दाखवायचं राहिलंय का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “तसंच जाऊ दे.”