क्षुधा, निद्रा आणि भ्रांतीची देवता

देवाशी आपण कोणते नाते जोडतो, यावर त्याच्याकडे काय मागायचे हे बरेचसे ठरते. तो राजा असेल तर अर्ज करावा लागतो, न्यायाधीश असेल तर सफाई द्यावी लागते. माझ्या मनातला देव मात्र कळत्या वयापासून स्त्रीच आहे, आणि तिच्यापुढे बसल्यावर मला अर्जही सुचत नाही आणि सफाईही. हे असे का, याचे कारण कोणी विचारले तर ‘आई सगळे पोटात घालते’ एवढे उत्तर विचारणाऱ्याला पुरते, पण मला ते कधीच पुरेसे वाटलेले नाही.

आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या देव्यपराधक्षमापन स्तोत्रात ‘कुपुत्रो जायेत क्वचिदपि कुमाता न भवति’ अशी ओळ येते. मुलगा वाईट निपजू शकतो, आई मात्र कधीच वाईट नसते, हा तिचा अर्थ. म्हणताना गळा दाटून यावा अशीच ती ओळ आहे. तरीही ज्यांच्या वाट्याला मायेची आई आलेली नसते, त्यांनी ही ओळ कशी म्हणावी, असा प्रश्न मला पडतो. शिवाय देवीच्या थोरवीचे हे माप हळूच घरातल्या बाईला लावले जाते आणि तिला दमण्याची, चिडण्याची किंवा नकार देण्याचीही मुभा उरत नाही, हे तर आपण रोजच पाहतो. जगन्मातेची आरती तल्लीन होऊन म्हणणाऱ्याच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते, हे एकदा पाहावे.

मला धीर मिळाला तो देवीमाहात्म्यात. मार्कंडेय पुराणातल्या या तेरा अध्यायांना आपण सप्तशती म्हणून ओळखतो. त्यातल्या पाचव्या अध्यायात शुंभ-निशुंभांनी हाकलून लावलेले देव तिची स्तुती करतात, तेच ‘या देवी सर्वभूतेषु’. ही स्तुती पाठ असणारे पुष्कळ असतात, पण तिच्यातला क्रम फारसा कोणी ध्यानात घेत नाही. चेतना आणि बुद्धी यांच्या पाठोपाठ तिथे निद्रा येते आणि लगेच क्षुधा. पुढे तृष्णा आहे, लज्जा आहे, स्मृती आहे. ‘मातृरूपेण’ येते ते अगदी शेवटाकडे, आणि त्याच्या लगेच नंतर येते भ्रांती. म्हणजे जिला आपण केवळ आई म्हणून हाक मारतो, तिचे आईपण हे विसाएक रूपांपैकी एक आहे, आणि आपल्याला पडणारी भूल हेही तिचेच रूप आहे.

भुकेला आणि भ्रमाला नमस्कार करणारी ही स्तुती मला फार प्रामाणिक वाटते. देवाचे गुण गाताना आपण सहसा दया, शांती, तेज अशी उजळ नावे निवडतो आणि उरलेल्या भानगडी स्वतःच्या खात्यावर टाकतो. इथे मात्र रात्री न येणारी झोपही तीच आणि भल्या पहाटे उठायचे असताना डोळ्यांवरून न हटणारी झोपही तीच. पहिल्या अध्यायात तर ती खुद्द विष्णूच्या डोळ्यांत योगनिद्रा होऊन बसलेली आहे. मधु आणि कैटभ ब्रह्मदेवाच्या अंगावर धावून येतात, तेव्हा विष्णूला गदागदा हलवून उपयोग नाही हे ओळखून ब्रह्मदेव त्या झोपेचीच स्तुती करतो. ती डोळ्यांतून बाहेर पडते आणि मगच विष्णू जागा होतो. आळस झटकताना तिची आठवण काढायची सवय मला तिथूनच लागली.

या ग्रंथाची सुरुवात ज्या प्रश्नाने होते, तो प्रश्नही अगदी घरगुती आहे. राज्य गमावलेला सुरथ राजा वनात येऊनही आपल्या हत्तीची आणि कष्टाने साठवलेल्या खजिन्याची काळजी करतो. त्याला तिथे समाधी नावाचा वैश्य भेटतो. पैशाच्या लोभाने बायकामुलांनी याला घराबाहेर काढले आहे, आणि तरीही तो त्यांच्याच खुशालीच्या चिंतेत आहे. सगळे समजत असूनही मन तिकडेच का धावते, असे दोघे मेधस ऋषींना विचारतात. ऋषी पक्ष्यांकडे बोट दाखवतात. ते स्वतः भुकेने व्याकूळ असतानाही पिलांच्या चोचीत दाणे घालतात, आणि हा मोहच आहे. ज्ञानी माणसांची मनेही जी बळेच ओढून मोहात टाकते, ती महामाया. ज्या वात्सल्याचे आपण गोडवे गातो त्याला ऋषी सरळ मोह म्हणतात, आणि तो मोह घालणारीलाच भगवती म्हणतात. पहिल्यांदा वाचताना हे कठोर वाटते. पण आपल्या गुंत्याकडे ती बाहेरून बोट दाखवत नाही, तर त्या गुंत्यात स्वतःच आहे, हे एकदा उमगले की तिच्यापुढे लपवण्यासारखे काही राहत नाही.

म्हणूनच देवीच्या भक्तांना भांडण शोभते. अठराव्या शतकातला बंगालचा कवी रामप्रसाद सेन कालीला विचारतो की, तेल्याच्या घाण्याला जुंपलेल्या, डोळे बांधलेल्या बैलासारखे तू मला किती फिरवणार? हे गाऱ्हाणे न्यायाधीशापुढे मांडता येत नाही, कारण डोळ्यांवरची पट्टी न्यायाधीशाने बांधलेली नसते. आपल्या जनाबाईने तर देवाचे पुरुषपणही आड येऊ दिले नाही. ‘ये गं ये गं विठाबाई’ अशी तिने विठ्ठलालाच हाक मारली.

सप्तशतीचा शेवट मला युद्धांच्या वर्णनांपेक्षाही आवडतो. राजा आणि वैश्य नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात आणि देवी प्रसन्न होते. इतके सगळे ऐकूनही राजा आपले गेलेले राज्यच परत मागतो, तर वैश्य ‘मी’ आणि ‘माझे’ यांतून सोडवणारे ज्ञान मागतो. एखाद्या उपदेशकाने राजाला इथे चार शब्द नक्की सुनावले असते. देवी दोघांनाही जे हवे ते देते, आणि राजाला तर पुढच्या जन्मी मनू होण्याचा वरही वर देते. मी अजून राजाच्याच रांगेत आहे. कधीतरी वैश्यासारखे मागावे असे ठरवून बसते, आणि तोंडून निघते ते मुलाच्या परीक्षेचे.