विकीच्या पानाचा इतिहास वाचताना

गटप्रकल्पाची वही हातात आली की ती कोणी लिहिली हे अक्षरावरून ओळखता येते, पण त्यातला विचार कोणाचा हे कळत नाही. एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी मुखपृष्ठावर नावे घालायची, या प्रकाराला कंटाळूनच मी वर्गासाठी विकी वापरायचे ठरवले. विकी म्हणजे ज्याची पाने अनेकांना मिळून लिहिता-बदलता येतात आणि कोणी काय बदलले याची नोंद पानाच्या इतिहासात राहते असे संकेतस्थळ.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले पहिले विकी संकेतस्थळ प्रोग्रामरांसाठी होते. आज मुक्त स्रोत, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेले, पर्याय अनेक आहेत. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी समर्थ आहे, परंतु त्याला डेटाबेस लागतो आणि ठरावीक पाने ठरावीक जणांनाच वाचता यावीत, हा विचार त्याच्या मूळ रचनेत नाही. आंद्रेयास गोर यांनी २००४ मध्ये तयार केलेले डोकुविकी पाने साध्या मजकूर-फायलींत साठवते आणि कोणाला काय वाचता-लिहिता यावे हे पानागणिक ठरवू देते, म्हणून मी तेच निवडले. परवान्याचे पैसे पडत नाहीत; अद्ययावतीकरण आणि बॅकअप मात्र आपल्याच गळ्यात पडतात.

एक अडचण पहिल्याच तासाला आली. डोकुविकीत एकाने पान संपादनासाठी उघडले की ते इतरांसाठी कुलूपबंद होते, आणि त्याने जतन न करताच खिडकी बंद केली, तर मूळ मांडणीनुसार ते १५ मिनिटांपर्यंत तसेच राहू शकते. तास संपायला तेवढा वेळ पुरतो! मग प्रत्येक विषयाची लहान लहान पाने केली.

खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावणे मुलांना उद्धटपणाचे वाटे. त्यामुळे जो तो आपला परिच्छेद तळाशी जोडी आणि एकच मुद्दा चार वेळा येई. शेवटी मी नियम केला की एक आठवडा कोणीही नवे काही लिहायचे नाही, फक्त असलेले जोडायचे, छाटायचे, दुरुस्त करायचे आणि प्रत्येक बदलाचे कारण संपादन-सारांशात, म्हणजे जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत, नोंदवायचे. त्या आठवड्यात वाद झाले, पण ते 'माझे का खोडले' यावरून सुरू होऊन 'हे विधान कशाच्या आधारावर' इथपर्यंत पोहोचले.

गुण देताना संपादनांची संख्या मोजण्याची चूक मी आधी केली. एक मुलगा प्रत्येक स्वल्पविरामानंतर जतन करी, तर एक मुलगी विचार करून आठवड्यातून एकदाच लिही. आकड्यांत अर्थातच तो पुढे होता. आता मी दोन आवृत्त्यांमधला फरक उघडून वाचते. याला वेळ लागतो, आणि मोठ्या वर्गात सगळ्यांचे सगळे वाचून होत नाही, हेही मान्य करते. पण परवा त्याच मुलीने स्वतःचाच लांबलचक परिच्छेद काढून टाकलेला दिसला. सारांशात एवढेच लिहिले होते : 'वरच्या दोन ओळींत हे आधीच आले आहे.' त्या खोडण्याला मी पूर्ण गुण दिले.