पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: अंतराचा आणि वेळेचा हिशेब

जानेवारीत मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जायचे ठरले, तेव्हा प्रवास नेमका किती तासांचा हा प्रश्न माझ्यासाठी कुतूहलापुरता नव्हता, कारण रक्तदाबाची गोळी दर चोवीस तासांनी घ्यायची होती. तिकिटावर मुंबईहून सोमवारी पहाटे 1 वाजता प्रस्थान आणि सोमवारीच दुपारी 12.30 ला आगमन असे छापलेले होते. साडेअकरा तासांत अमेरिका!

आधी अंतराकडे वळलो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून गेली. मग अप्पा बळवंत चौकातून 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणला आणि मुंबईपासून दोरा ताणला, तेव्हा तो सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्का असा भलत्याच वाटेने गेला. दोरा 32 सेंटिमीटरला किंचित कमी भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर, म्हणजे अंतर साधारण 13,500 किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून केलेले गणितही 13,511 वरच आले, याचा मला अजून अभिमान आहे. आमचे विमान मात्र फ्रँकफर्टमार्गे होते. त्या वाटेने 6,569 आणि 9,149 मिळून 15,700 च्या वर, म्हणजे बावीसशे किलोमीटरचा वळसा.

वेळेचे कोडे त्यानंतर सुटले. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. ते साडेअकरात मिळवले की खरे 25 तास होतात. मुंबई ते फ्रँकफर्ट नऊ, तिथे साडेचार तास थांबा आणि पुढे साडेअकरा, असा ताळाही जुळला.

लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नसल्याने मुंबई गाठणे आलेच. घाटातील खोळंबा आणि तीन तास आधी पोहोचण्याची अट धरून आम्ही रविवारी दुपारी साडेचारलाच कोथरूड सोडले. पहिल्या दीडशे किलोमीटरसाठी साडेआठ तास आणि पुढच्या साडेसहा हजारांसाठी नऊ, हे प्रमाण कोणत्याही तिकिटावर छापलेले नसते.

परतीचे विमान एप्रिलमधले होते: मंगळवारी दुपारी 2.30 ला निघून गुरुवारी पहाटे 1 ला मुंबई. घड्याळातल्या साडेचौतीस तासांतून मी साडेतेरा वजा करून 21 लिहिले आणि त्याप्रमाणे गोळ्यांच्या वेळा डबीवर चिकटवल्या. सौभाग्यवतींनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, मार्चमध्ये इथली घड्याळे तासभर पुढे केली ना? मग फरक साडेबाराच राहिला." उत्तर 22 होते. मी निमूटपणे चिठ्ठी बदलली.